आधी यादी, मग कुलूप: छोट्या व्यवसायाने संगणकाशी निगडित धोके कसे हाताळावेत

पाच-पंचवीस माणसांच्या व्यवसायात वेगळा आयटी विभाग नसतो. हिशेब बघणारी व्यक्तीच प्रिंटर अडला की धावते, वेबसाइट कोणा ओळखीच्याने करून दिलेली असते, आणि वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. अशा ठिकाणी सायबर सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणता अँटीव्हायरस घ्यायचा? तो विचारायला हरकत नाही, पण त्याचा नंबर बराच मागचा आहे. काय बंद पडले तर धंदा थांबेल, त्याचा ताबा कोणाकडे आहे आणि ते परत उभे करायला किती वेळ लागेल, हे आधी कळायला हवे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा कामांना पैसे लागत नाहीत. लागतो तो एका जबाबदार माणसाचा वेळ आणि मालकाचा पाठिंबा.

त्याआधी एक समजूत बाजूला ठेवू: ‘आपल्यासारख्या लहान माणसाच्या मागे कोण लागणार?’ मागे कोणी लागावेच लागते असे नाही. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक बंद पाडले, आणि ते कोणत्या कंपनीचे आहेत हे त्या प्रोग्रामने पाहिलेही नाही. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली एक त्रुटी उघडी असलेले यंत्र शोधायचे आणि आत शिरायचे, इतकेच त्याचे काम होते. ती त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिले होते.

शिवाय प्रत्येक धोका चोराच्या रूपात येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. हार्ड डिस्क मरते, लॅपटॉप टॅक्सीत राहतो, सगळे पासवर्ड ठाऊक असलेला एकमेव माणूस नोकरी सोडतो. या सगळ्याला पुरेल अशी तयारी करायची आहे.

## पहिली पायरी: काय काय आहे ते लिहून काढा

एक साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक ओळीत एक वस्तू किंवा सेवा: लॅपटॉप, राउटर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, ईमेल, डोमेन (वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यातले आपले नाव), वेबसाइटचे होस्टिंग (ती जिथे ठेवली आहे ती भाड्याची जागा), बँकेचे ऑनलाइन लॉगिन, सोशल मीडियाची पाने, कॅमेऱ्यांची यंत्रणा. समोर सहा रकाने: खाते कोणाच्या नावावर आहे, ॲडमिन लॉगिन (सगळ्या सेटिंग बदलण्याचा अधिकार असलेले) कोणाकडे आहे, पासवर्ड विसरल्यास रिकव्हरीचा मेल किंवा फोन कोणाचा आहे, त्यात कोणती माहिती आहे, नूतनीकरण कधी आहे, आणि ते बंद पडल्यास किती वेळ निभेल.

आठवेल तेवढेच लिहिले तर यादी अर्धीच होते. विसरलेल्या गोष्टी तीन ठिकाणी सापडतात. एक, गेल्या वर्षभराची बँक आणि कार्डाची स्टेटमेंट. कोणत्या सेवांना पैसे जातात ते तिथे दिसते. दोन, राउटरच्या सेटिंगमधली जोडलेल्या उपकरणांची यादी. कोणाचे ते सांगता येणार नाही असे एखादे उपकरण तिथे बहुधा निघतेच. तीन, प्रत्येक सहकाऱ्याला विचारायचा प्रश्न: सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू कुठे कुठे लॉगिन करतोस? ग्राहकांच्या फाइली कोणाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर आहेत, ऑर्डरी कोणाच्या खासगी फोनवर येतात आणि कोणता मजकूर एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये चिकटवला जातो, हे याच प्रश्नातून बाहेर येते. तेव्हा भुवया उंचावू नका, नाहीतर पुढचा माणूस खरे सांगणार नाही.

यादीत सर्वांत दुर्लक्षित ओळ डोमेनची असते. वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलेले असते, किंवा नूतनीकरणाच्या सूचना कोणी न उघडणाऱ्या मेलवर जात असतात. डोमेन हातचे गेले की कंपनीचे सगळे मेल जातात, आणि मेल गेला की त्याच्या आधारे उघडणारी बाकीची सगळी खाती धोक्यात येतात. म्हणून डोमेन व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर हवे, आपोआप नूतनीकरण चालू हवे आणि रजिस्ट्रारकडचे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचे, ट्रान्सफर लॉक (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारे कुलूप) लावलेले हवे. या लेखातले एकच काम आज करायचे असेल, तर हे करा.

## दुसरी पायरी: क्रम लावा

मोठ्या कंपन्यांचे सल्लागार इथे लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचा तक्ता काढतात. छोट्या व्यवसायात तो तक्ता भरला जातो आणि कपाटात जातो. त्याऐवजी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. हे किती वेळ बंद राहिलेले चालेल? आणि यातल्या शेवटच्या किती वेळच्या नोंदी गेल्या तर पुन्हा भरता येतील? बिलिंग दोन तासही बंद राहणे परवडत नसेल, पण वेबसाइट दोन दिवस बंद राहिलेली चालत असेल, तर पैसे आणि लक्ष कुठे द्यायचे हे आपोआप ठरते.

मग वरचे पाच-सहा धोके घ्या आणि प्रत्येकापुढे निर्णय लिहा: कमी करायचा, दुसऱ्यावर सोपवायचा, आहे तसा स्वीकारायचा की मुळातच टाळायचा. टाळण्याचा पर्याय फार कमी जण वापरतात. ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या जुन्या प्रती, पाच वर्षांपूर्वीचे नोकरीचे अर्ज, संपलेल्या स्पर्धेतले फोन नंबर हे सगळे कशासाठी ठेवले आहे? कायद्याने ठेवणे भाग नसेल आणि कामालाही येत नसेल, तर काढून टाका. जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून चोरीला जात नाही. प्रत्येक निर्णयापुढे एका माणसाचे नाव आणि एक तारीख असू द्या. ‘आपण सगळे’ हे नाव चालणार नाही.

## तिसरी पायरी: ईमेल आणि लॉगिन

हल्लेखोराला तुमच्या कंपनीतली एकच गोष्ट निवडायला सांगितली तर तो मेलबॉक्स निवडेल. त्यात बिले, करार, ग्राहकांशी बोलण्याची तुमची ढब आणि इतर सर्व खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची दारे असतात. म्हणून सुरुवात मेलपासून करा.

दोन टप्प्यांचे लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा किल्ली मागणारे) सर्वांना सक्तीचे करा, मालकासकट. खरे तर मालकापासूनच सुरू करा, कारण ‘मला तेवढे सोडा’ हे वाक्य बहुधा तिथूनच येते. एसएमएसवरचा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तुमचा नंबर फसवून दुसऱ्या सिमवर घेऊन तो पळवता येतो. कोड देणारे ॲप त्याहून चांगले. पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की (संगणकाला लावायची छोटी किल्ली) सर्वांत भक्कम, कारण ती खऱ्या साइटशी बांधलेली असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर चालतच नाही. ॲडमिन खात्यांना तरी तीच लावा. फोन किंवा की हरवल्यास लागणारे बॅकअप कोड छापून कुलपात ठेवा.

पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सुरक्षित सांभाळणारे ॲप) घ्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावण्याची जुनी प्रथा सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती नको असे सांगितले. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र त्याच क्षणी बदला. आपले मेल पत्ते माहितीच्या कोणत्या गळतीत सापडले आहेत का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या मोफत सेवेवर पाहता येते आणि आपले डोमेन नोंदवून ठेवले तर पुढच्या गळतीची सूचनाही येते.

रोजच्या कामाचे खाते आणि ॲडमिनचे खाते वेगळे ठेवा. हे लॅपटॉपलाही लागू आहे. साध्या खात्यात चुकून उघडलेली फाइल यंत्रभर धुमाकूळ घालू शकत नाही, निदान तितक्या सहज नाही.

तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी मेल पाठवू नये यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल देणाऱ्या स्थितीत ठेवा. काही आठवडे अहवाल पाहून बिले पाठवणारी, जाहिरातीचे मेल पाठवणारी अशी तुमची सगळी खरी साधने त्यात धरली गेली आहेत याची खात्री करा, आणि मगच बनावट मेल अडवणारी स्थिती लावा. घाईत थेट शेवटची स्थिती लावली तर तुमचीच बिले ग्राहकापर्यंत पोहोचणार नाहीत.

## चौथी पायरी: पैसे पाठवण्याची रीत

या पायरीला तंत्रज्ञान जवळजवळ लागतच नाही, आणि छोट्या व्यवसायाचे सर्वांत मोठे एकरकमी नुकसान टाळण्याची ताकद मात्र हिच्यात आहे. फसवणूक साधी असते. नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल येतो: आमचे बँक खाते बदलले आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यावर टाका. कधी पत्त्यात एकच अक्षर वेगळे असते. कधी मेल खरोखर त्या पुरवठादाराच्याच मेलबॉक्समधून आलेला असतो, कारण तिथे आधीच कोणी शिरून बसलेले असते. मग स्पेलिंग कितीही बारकाईने तपासून उपयोग नाही.

याला फक्त छोटे बळी पडतात असेही नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका माणसाने क्वांटा या तैवानी हार्डवेअर कंपनीच्या नावाने बनावट बिले पाठवून गूगल आणि फेसबुक या दोघांकडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. दोन्हीकडे सुरक्षा तज्ज्ञांची कमतरता नव्हती.

उपाय म्हणजे तीन नियम. ते लिहून हिशेबाच्या टेबलाजवळ लावा.

खाते क्रमांक बदलल्याची कोणतीही सूचना आली की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करायची. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. ठरलेल्या रकमेच्या वरचा व्यवहार दोन माणसांच्या मंजुरीशिवाय जाणार नाही; बँकेच्या यंत्रणेत ही सोय असेल तर ती चालू करून घ्या. आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, आत्ताच्या आत्ता पाठवा’ अशी घाई कोणीही केली, अगदी मालकाच्या आवाजात फोन आला, तरी पहिले दोन नियम मोडायचे नाहीत. आवाजाची नक्कल करणे आता सोपे झाले आहे.

तिसरा नियम मालकाने स्वतः सगळ्यांसमोर सांगायला हवा. ‘मी घाई केली तरी मला परत फोन करा, मी रागावणार नाही’, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कनिष्ठ कर्मचारी तो पाळण्याचे धाडस करणार नाही.

## पाचवी पायरी: बॅकअप, आणि तो परत उघडून पाहणे

३-२-१ हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. नियम चांगलाच आहे, पण तो कुठे कुठे फसतो हे कळल्याशिवाय नीट अमलात येत नाही.

पहिली फसगत जागेची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्या दोन्ही प्रती गेल्या. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्या तरी इमारतीतली यंत्रेच असतात. तुमची प्रत कोणत्या इमारतीत आहे ते सेवादात्याला विचारा.

दुसरी फसगत लॉगिनची. कोड स्पेसेस ही छोटी कंपनी प्रोग्रामरांचा कोड सांभाळायची. २०१४च्या जूनमध्ये कोणीतरी तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पानावर ताबा मिळवला, खंडणी मागितली आणि कंपनी पासवर्ड बदलू लागल्याचे दिसताच एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. बॅकअपही त्याच खात्यातून पुसता येत होते. कंपनी बंद पडली. म्हणून बॅकअपचे खाते वेगळे, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि शक्य असेल तर ठरावीक दिवस कोणालाच पुसता येणार नाही अशी प्रत ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या यूएसबी ड्राइव्हचीही तीच गत होते: रॅन्समवेअर संगणकाबरोबर तोही कुलूपबंद करतो. कॉपी झाली की ड्राइव्ह काढा. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हसारखी सिंक सेवा म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात. त्या किती दिवस मिळतात ते तपासून यादीत लिहा.

तिसरी फसगत सर्वांत जास्त वेळा होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती असूनही ऐनवेळी एकही नीट कामी आली नाही. एकाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून निभावले. बॅकअपचे अपयश कळवणारे मेल येतच नव्हते, हेही तेव्हाच उघड झाले.

म्हणून दर तीन महिन्यांनी एक तालीम करा. मूळ संगणकाला हात न लावता, दुसऱ्या यंत्रावर हिशेबाचा डेटा बॅकअपमधून परत आणा, सॉफ्टवेअरमध्ये उघडा, गेल्या आठवड्यातले एखादे बिल आहे का पाहा. किती वेळ लागला ते लिहा आणि दुसऱ्या पायरीतल्या उत्तराशी ताडा. बिलिंग दोन तासांत हवे असेल आणि परत आणायला दीड दिवस लागत असेल, तर बॅकअप आहे पण उपयोगाचा नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडे असताना नुसती फाइल कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते. सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरा.

## सहावी पायरी: यंत्रे आणि नेटवर्क

इथे फार बोलण्यासारखे नाही, करण्यासारखे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि फोनची अपडेट आपोआप चालू ठेवा. ज्याचा सपोर्ट संपला आहे, म्हणजे ज्याला कंपनीची अपडेट येत नाहीत, ते बदला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एखादा जुना संगणक मशीन चालवण्यासाठी लागतच असेल तर त्याला इंटरनेटपासून तोडा. विंडोजमध्येच येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस चालू आणि अद्ययावत असेल, तर बहुतेक छोट्या कार्यालयांना तेवढे संरक्षण पुरते. वाचलेले पैसे बॅकअपवर घाला.

लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा, आणि तिची रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, त्याचे फर्मवेअर (राउटरच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट करा, पाहुण्यांना आणि कॅमेऱ्यांना वेगळे वाय-फाय द्या. घरून काम करता यावे म्हणून कोणी ऑफिसच्या संगणकाचा रिमोट डेस्कटॉप (तो दुरून चालवण्याची सोय) थेट इंटरनेटवर उघडला असेल, तर तो आज बंद करा. रॅन्समवेअर टोळ्या हे दार स्वयंचलितपणे शोधत असतात.

## सातवी पायरी: येणारी-जाणारी माणसे आणि बाहेरचे लोक

२०२१च्या मे महिन्यात अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन रॅन्समवेअरमुळे काही दिवस बंद राहिली. हल्लेखोर आत आले ते वापरात नसलेल्या पण चालूच राहिलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची वाट) खात्यातून, ज्याला दोन टप्प्यांचे लॉगिन नव्हते. असे बेवारस खाते प्रत्येक व्यवसायात असते. माणूस नोकरी सोडतो तेव्हा यादी समोर घ्या आणि त्याच दिवशी प्रत्येक ओळ तपासा: मेल, ड्राइव्ह, बँक, सोशल मीडिया, व्हॉट्सॲप ग्रुप, सामायिक पासवर्ड, चाव्या. मेल खाते लगेच पुसू नका. पासवर्ड बदला, येणारे मेल दुसऱ्याकडे वळवा, आतले कागद उतरवून घ्या.

बाहेरचे लोक म्हणजे वेबसाइटवाला, संगणक दुरुस्त करणारा, हिशेबनीस. प्रत्येकाला स्वतःचे वेगळे लॉगिन द्या, कामापुरतेच अधिकार द्या, आणि काम संपले की बंद करा. २०१३मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर शिरले होते ते वातानुकूलनाची कामे करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराच्या लॉगिनने. तुमचे मोठे ग्राहक तुम्हाला सुरक्षेविषयी लांबलचक प्रश्नावल्या पाठवतात, त्यामागे हे आहे. आणि इथवरच्या पायऱ्या झाल्या असतील तर त्यातली बरीच उत्तरे तयारच असतील.

कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा स्लाइड दाखवण्यापेक्षा, आलेला प्रत्येक संशयास्पद मेल सगळ्यांना दिसेल असा दाखवा आणि दोन मिनिटे बोला. चुकीच्या लिंकवर क्लिक केल्याचे स्वतःहून सांगणाऱ्यावर ओरडाल, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला तीन आठवड्यांनी कळेल.

## आठवी पायरी: वाईट दिवसाचा कागद

हा कागदच हवा, छापलेला, कारण त्या दिवशी संगणक उघडणार नाही. वर फोन नंबर: बँकेची फसवणूक-तक्रार लाइन, संगणकवाला, होस्टिंग कंपनी, विमा कंपनी, वकील, पोलिसांचा सायबर विभाग. खाली पहिल्या तासाची कामे.

पैसे गेले असतील तर सर्वांत आधी बँकेला फोन. मिनिटे मोजली जातात. संगणकावर खंडणीचा संदेश दिसला तर नेटवर्कची केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. यंत्र बंद करू नका, तपासाला लागणाऱ्या खुणा मेमरीत असू शकतात. नेटवर्कपासून तोडता येतच नसेल तरच बंद करा. संदेशाचा फोनवर फोटो काढा. बॅकअपचा ड्राइव्ह या यंत्राला अजिबात जोडू नका. मेल खात्यात कोणी शिरल्याचा संशय असेल तर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला, सर्व ठिकाणांहून साइन आउट करा, आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारे नियम तपासा. हा शेवटचा भाग राहून जातो. पासवर्ड बदलल्यावरही तुमच्या मेलची प्रत चोराला जात राहते.

खंडणी देऊन किल्ली मिळेलच याची खात्री नसते. त्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ ही सेवा पाहा. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात काही जातींच्या रॅन्समवेअरवरच्या किल्ल्या मोफत मिळतात. ग्राहकांची माहिती गेली असेल तर कोणाला आणि किती वेळात कळवायचे हे आपापल्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात नियामकाला कळवण्याची मुदत ७२ तासांची आहे. आपल्याला लागू असलेली मुदत आत्ताच शोधून कागदावर लिहा.

## वर्षभराचा रतीब

महिन्यातून एकदा: अपडेट आणि बॅकअपचे अहवाल पाहणे. दर तीन महिन्यांनी: बॅकअपची तालीम आणि लॉगिनच्या यादीवरून नजर. वर्षातून एकदा: पूर्ण यादी नव्याने करणे, वाईट दिवसाच्या कागदावरचे नंबर फिरवून पाहणे, आणि टेबलाभोवती बसून ‘आज सकाळी एकही संगणक उघडला नाही’ असे गृहीत धरून तासभर चर्चा करणे.

सायबर विमा घ्यायचा असेल तर ही सगळी कामे झाल्यावर घ्या. अर्जात दोन टप्प्यांचे लॉगिन कुठे कुठे आहे, बॅकअप वेगळा आहे का, असे नेमके प्रश्न असतात, आणि तिथे अंदाजाने ‘हो’ लिहिणे महागात पडते. २०२२मध्ये अमेरिकेत एका विमा कंपनीने, ग्राहकाने दोन टप्प्यांच्या लॉगिनबद्दल चुकीचे उत्तर दिले म्हणून पॉलिसीच रद्दबातल ठरवून घेण्यासाठी न्यायालय गाठले होते. अर्ज भराल त्या दिवशी सेटिंगच्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि पॉलिसीच्या प्रतीबरोबर, वाईट दिवसाच्या कागदाच्याच फाइलमध्ये लावा.